वर म्हणजे पश्चिम

चैत्र लागला की जुन्नरच्या बाजारात हिरडा येतो, आणि मला राग येतो. कोवळ्या हिरड्याचे ढीग उन्हात सुकायला पडले की एक तुरट वास सुटतो. धड फळाचा नाही, धड औषधाचा नाही. तो घशाला लागतो आणि जीभ आत ओढली जाते. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवला नाही. ज्यांच्यावर रागवायचं ती माणसं एकेक करून निघून गेली आणि राग तेवढा माझ्या वाटणीला राहिला. त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे, पण सगळा नाही. कुणावर किती, ते आज एकदा नीट लिहून टाकतो.

आमचे वडील हिरड्याचे व्यापारी. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मी सांगतोय ते दिवस पन्नास सालानंतरचे, राज्याचं नाव मुंबई असतानाचे. उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगरातली माणसं डोक्यावर हिरड्याची ओझी घेऊन दुकानाच्या पायरीशी येऊन टेकायची. तराजूला हात लावण्याआधी आबा विचारायचे, "वरनं आला का खालनं?" वर म्हणजे नाणेघाटाच्या, भीमाशंकराच्या अंगाला, जिथं डोंगर आहेत, धो धो पाऊस आहे, जिथं कुकडी, मीना आणि घोड या आमच्या नद्या उगम पावतात. खाली म्हणजे नारायणगाव, पिंपळवंडी, खोडद, जिकडं त्या वाहत जातात. वरचा हिरडा वजनदार, म्हणून वरच्या माणसाला आधी पाणी, मग गूळ. जुन्नर-आंबेगावात आजही असंच बोलतात. 'दादा वर गेलेत' असं कुणी सांगितलं की पुण्याहून आलेला पाहुणा चेहरा पाडतो. इथल्या माणसाला कळतं, की दादा डिंभ्याकडे गेलेत आणि गाडी मिळाली तर संध्याकाळी परत येतील.

हे 'वर' ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

माझी थोरली बहीण कुसुम. मी तिला आक्का म्हणतो. पाचवी झाल्यावर तिला शाळेतून काढलं. कारण कुणी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. त्यानंतर ती माझी पुस्तकं वाचायची. मी शाळेतून येऊन दप्तर टाकलं की ती हात पुसून भूगोल उचलायची, आधी भूगोलच. बाकीची पुस्तकं चुलीपुढे बसून वाचायची. भूगोल मात्र दारात, उजेडात.

शेजारी हमीदचाचा रंगारी राहायचे. त्यांच्याकडून रंगात बिघडलेला मांजरपाटाचा एक मोठा तुकडा तिनं मागून आणला. एका कोपऱ्याला रंग जास्त चढून तो जवळजवळ काळा झाला होता. आक्का म्हणाली, हा डोंगर. त्या कोपऱ्यातून तिनं काजळ आणि गोंद कालवून नद्या काढल्या. नद्यांना सारीपाटासारखी घरं पाडली. एकेका घरात एकेक गाव. कुकडी, मीना, घोड सगळ्या वरून खाली यायच्या, वाटेत एकमेकींना मिळायच्या, मग भीमा, मग कृष्णा आणि सगळ्यात खाली, कापडाच्या शिवणीपाशी, निळीनं रंगवलेला समुद्र. या खेळाला नाव पडलं मुलुख. 'चला, मुलुख मांडा' म्हटलं की घरात उजेडाची जागा रिकामी व्हायची.

कवड्या टाकायच्या, पडेल तेवढी घरं खाली जायचं. सोंगट्या आपापल्या आणायच्या. माझा एक वाळका हिरडा, आक्काचा सागरगोटा, हमीदचाचांच्या जुलेखाचा फुटक्या काकणाचा तुकडा. ज्या घरात थांबाल त्या गावाबद्दल बाकीच्यांनी विचारायचं. तिथं काय पिकतं, बाजार कुठल्या वारी, वरलं गाव कोणतं, खाललं कोणतं, नदी ओलांडायची कुठून. बरोबर सांगितलं तर पुढचं दान. चुकलं की सगळे मिळून म्हणणार, "बुडालास", आणि सोंगटं थेट उगमाला. मग पुन्हा पहिल्यापासून.

आई शाळेचं तोंड न बघितलेली, पण तिचं माहेर घोडेच्या काठचं आंबेगाव. घोडेची घरं तिनंच भरून दिली. लहानपणी ती त्या गावांतून पायी हिंडली होती. गाव आठवेना तर ती डोळे मिटायची आणि तळहात हलवायची, जणू वाटेवरची झुडपं बाजूला करतेय, आणि मग गाव सांगायची. आबाही कधीकधी दुकान बंद करून येऊन बसायचे. बाजाराचे वार त्यांच्याइतके कुणालाच येत नव्हते. बाकी ते सारखे बुडायचे, आणि बुडाले की धोतराचा सोगा झटकून म्हणायचे, "अंग सुकवून येतो." हे मुद्दाम लिहितोय. आबा त्या पटावर बसलेत, हसलेत, त्यांना तो पट ओळखीचा होता. माझा आबांवरचा राग इथूनच सुरू होतो.

शाळेत आम्ही भूगोल पाठ करायचो. घरी आम्ही त्यात बुडत होतो. राज्यांच्या हद्दी तेव्हा सारख्या बदलायच्या बेतात होत्या, वडीलमाणसं ओट्यावर बसून त्यावर भांडायची. म्हणून आक्कानं नद्या पक्क्या रंगानं काढल्या आणि हद्दी खडूनं. आई झाडता झाडता एखादी हद्द पुसून टाकायची, आक्का ती पुन्हा काढायची, दर वेळी जरा वेगळी. मला त्यात सगळ्यात नवल वाटायचं ते समुद्राचं. नाणेघाटावर उभं राहिलं की कोकण दिसतं, त्याच्या पलीकडे समुद्र असल्याचं सगळे सांगतात. इतका जवळ. आणि आमचं पाणी मात्र पाठ फिरवून सगळा देश ओलांडत दुसऱ्याच समुद्राला जातं. मी विचारलं होतं, असं का? आक्का म्हणाली, पाण्याला वर जाता येत नाही, दत्तू.

तिलाही जायचं होतं. सातवीची फायनल बाहेरून देता यायची. ती पास झाली की पुण्याला ट्रेनिंग, आणि ट्रेनिंग झालं की शाळेत मास्तरीण. एवढं एकच ती मागत होती. साडी, दागिना कधी मागितल्याचं मला आठवत नाही. दोन हिवाळे ती आबांच्या मागे लागली होती. आबा नाही म्हणायचे नाहीत, हो म्हणायचे नाहीत. दुसरीकडे पिंपळवंडीचं एक स्थळ दोनदा येऊन गेलं होतं. मुलगी खाली द्यायची, वर द्यायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. वर भात आणि चढ, खाली बाजरी आणि विहिरी. मुली पाण्यासारख्या खालीच जायच्या.

शेवटी आबा म्हणाले, हेडमास्तरांना घरी बोलावतो, त्यांनी मुलगी तयार आहे म्हटलं तर फॉर्म भरतो. हेडमास्तर माझ्याच शाळेचे. त्यांचं नाव लिहीत नाही; त्यांची नातवंडं आहेत आणि माझा राग नातवंडांवर नाही. ते येणार म्हणून आक्कानं सोपा सारवला. पट धुऊन, वाळवून, सुरकुत्या काढून मधोमध अंथरला. खडूच्या हद्दी नव्यानं काढल्या. तिला वाटलं होतं, मास्तर भूगोलाचा माणूस, पट बघून त्याला कळेल.

तिनं मला आधीच शिकवून ठेवलं होतं. माझ्या शाळेचा छापील नकाशा पटाशेजारी ठेवून ती म्हणाली होती, "ध्यानात ठेव. आपल्या गावात वर म्हणजे पश्चिम. कागदावर वर म्हणजे उत्तर. कुणी विचारलं की आधी त्यालाच विचारायचं, कुठलं वर?" मी ते पाठ म्हणून दाखवलं होतं. तिनं पटाला चौथाई वळवून तो छापील नकाशासारखाही लावून दाखवला होता. डोंगर डावीकडे आला, समुद्र उजवीकडे गेला. नद्या त्याच राहिल्या. मला ती जादू वाटली होती.

हेडमास्तर आले, खुर्चीवर बसले. आबा जमिनीवर. मी दाराशी. हिरड्याची पोती भिंतीला लागून होती, मास्तरांनी नाकाला रुमाल लावला. त्यांनी आक्काला बाहेर बोलावलं नाही. हे पुन्हा लिहितो, कारण पुढे आमच्या घरात ही गोष्ट हजार वेळा सांगितली गेली आणि प्रत्येक वेळी हे वाक्य गळलं. जिची परीक्षा होती तिला त्यांनी बाहेर बोलावलंच नाही. ती आत चहा करत होती; मास्तरांचा कप तेवढा मी बाहेर आणून दिला होता. मास्तरांनी पटाकडे बघितलं, मान वाकडी केली, मग माझ्याकडे बघितलं.

"काय रे, या नकाशात वर कोणती दिशा?"

मी म्हणालो, "पश्चिम."

"पश्चिम? कुणी शिकवलं तुला?"

"आक्कानं."

दोन्ही उत्तरं खरी होती. मी खोटं बोललो नाही. एवढ्यावर मी आयुष्यभर स्वतःला सोडवत आलो. पण मला पुढचं वाक्य येत होतं, ते जिभेवर होतं, आणि मी ते गिळलं. का? आदल्या संध्याकाळी आक्कानं मला मीना नदीत पुन्हा पुन्हा बुडवलं होतं. प्रत्येक वेळी त्याच घरात, त्याच प्रश्नावर. आणि प्रत्येक वेळी जुलेखा खिदळली होती. मला वाटलं, आक्काही एकदा बुडू दे. एवढंच. एवढंच होतं. मास्तरांच्या छडीची भीती वगैरे कारणं मी नंतर जोडली, ती जरा बरी दिसतात म्हणून.

मास्तर हसले. बशीतला चहा हिंदकळून धोतरावर सांडेपर्यंत हसले. मग आबांना म्हणाले, "अहो शेठ, मुलीला उत्तर-दक्षिण कळत नाही आणि तुम्ही तिला फायनलला बसवता? परीक्षेत नकाशा आडवा काढून येईल आणि बोल मला लागेल. त्यापेक्षा चांगलं स्थळ बघा."

आणि आबा हसले. ज्या माणसाचा सगळा धंदा 'वरनं आला का खालनं' या एका प्रश्नावर चालत होता, ज्यानं त्याच पटावर बसून मांडी घासली होती, तो माणूस खुर्चीवरच्या माणसाबरोबर हसला. त्याला एवढं म्हणता आलं असतं, मास्तर, आमच्याकडं वर म्हणजे पश्चिमच. नाही म्हणता आलं. आपल्या तोंडातल्या शब्दाची त्याला लाज वाटली. मी अकरा वर्षांचा होतो, माझा अपराध मी मोजतो आणि तो लहान नाही. पण ज्या घरात पोरीचं आयुष्य अकरा वर्षांच्या पोराच्या अर्ध्या वाक्यावर टांगलेलं असतं, त्या घरावर मला रागावू द्या. चार पावलांवर ती उभी होती. तिला विचारायचं होतं. पूर्ण वाक्य तिचंच होतं.

लग्न पुढच्या मार्गशीर्षात ठरलं, पिंपळवंडीलाच. मध्ये तो उन्हाळा होता.

त्या उन्हाळ्यात मी एकही डाव हरलो नाही. शाळेला सुट्टी लागली, हिरडा येत राहिला, दुपारी रस्ता पांढरा पडायचा आणि आम्ही मुलुख मांडायचो. मला वाटलं होतं आक्का आता खेळणार नाही. पण ती खेळली, रोज खेळली. मी कुठल्याही घरात थांबलो की ती सोपं विचारायची. जुन्नरला किल्ला कोणता. ओतूरला बाजार भरतो का. मी सांगायचो, पुढचं दान घ्यायचो, समुद्राला जाऊन पोचायचो. कधी मी चुकलो तर ती म्हणायची, "चालंल," आणि कवड्या माझ्याकडे सरकवायची. जुलेखा तिच्याकडे बघायची, मग माझ्याकडे. उन्हाळा सरता सरता जुलेखानं यायचं सोडलं. मी आईला फुशारकीनं सांगितलं, मला आता कुणी हरवू शकत नाही. आई पोत्याला दाभण घालत होती. तिनं दोरा तोडला आणि म्हणाली, "व्हय बाबा, तुला आता कोण बुडवतंय."

मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

जुलेखाचं सांगितलंच पाहिजे, कारण माझ्या रागातला एक मोठा तुकडा 'त्या काळी' या शब्दासाठी आहे. आमच्या घरात हा विषय निघाला की कुणीतरी सुस्कारा सोडून म्हणतं, त्या काळी असंच होतं. त्या काळी, त्याच गल्लीत, आमच्या भिंतीला लागून असलेल्या भिंतीपलीकडं, हमीदचाचांनी जुलेखाला उर्दू शाळेतून फायनलला बसवलं. ती पास झाली. पुढे ती छत्री आणि पिशवी घेऊन शाळेत शिकवायला जाताना मी रोज बघायचो. चाचांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असायचे, घरात आमच्यापेक्षा खाणारी तोंडं जास्त होती, आणि त्यांनाही लोक बोलत होतेच. काळ दोन्ही घरांवरून सारखाच जात होता. म्हणून मला काळाचं सांगू नका.

पटाचं पुढे काय झालं तेही सांगतो. कुणी रागानं फाडला नाही. तसं झालं असतं तरी बरं होतं. पावसाआधी एका पोत्याला भोक पडलं, हाताशी जाड कापड हवं होतं, आबांनी मुलुख उचलला आणि त्याचं ठिगळ लावलं. घोड आणि भीमा असलेला तुकडा हिरड्याच्या पोत्यावर बसून मुंबईला गेला. उरलेल्याचं पायपुसणं झालं. काजळाच्या नद्या बरेच दिवस दिसत होत्या.

आक्काचं वाईट झालं नाही. हे वाक्यही आमच्या घरात ढालीसारखं पुढे करतात. नवरा सज्जन होता, शेत विहिरीच्या पाण्याखालचं होतं, मुलं शिकली, आता द्राक्षं आहेत, टोमॅटो आहेत. सगळं खरं. माझ्या 'पश्चिम'सारखंच खरं. अर्धं.

आणि मी काय झालो? भूगोलाचा शिक्षक. ट्रेनिंगला पुण्याला मी गेलो. फळ्यावर नकाशा टांगून छडीनं वर दाखवत मी आयुष्यभर विचारत राहिलो, "वर कोणती दिशा?" दर वर्षी एखादा वरल्या गावचा पोरगा उठून बेधडक सांगायचा, "पश्चिम." वर्ग हसायचा. मी त्याला बसवून मग सगळ्यांना एक गंमत सांगायचो, की माझ्या एका बहिणीलाही असंच वाटायचं. वर्ग आणखी हसायचा. म्हणजे हेडमास्तर वारले तरी त्यांची खुर्ची रिकामी राहिली नाही. मी बसलो होतो तिच्यावर.

घरात तो विनोद मीच नेला. कुठल्या लग्नात, कुठल्या बारशात पहिल्यांदा सांगितला ते आठवत नाही, पण सांगताना मी मास्तरांचा चहा सांडण्याची नक्कलही करायचो. मग तो विनोद सगळ्यांचा झाला. कुणी वाट चुकलं की 'कुसुमआत्याचा नकाशा'. कुणी उलटा सदरा घातला तरी 'कुसुमआत्याचा नकाशा'. लाडाचा विनोद, असं सगळे म्हणतात. आक्का असेल तिथंही सांगतात. ती पदर सावरते आणि पुढच्याला वाढते. तिला आवडतं, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

यंदा चैत्रात पिंपळवंडीच्या जत्रेला सगळे जमले. आक्काची नात सायली दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. दहावीला भूगोलाचा पेपर शेवटी असतो आणि त्यासाठी मी आठवडाभर आधी येऊन तिला नकाशे शिकवून गेलो होतो. जेवणं व्हायची होती. माझा पुतण्या शिरीष पुण्याहून गाडी घेऊन यायचा होता, त्याला उशीर झाला. फोनमधल्या नकाशानं त्याला कुठल्याशा बांधावर नेऊन सोडलं होतं. आला तो चपला काढता काढताच म्हणाला, "काय करणार, चुकून कुसुमआत्याचा नकाशा लागला." ओसरीभर हशा पिकला. मीही हसलो असेन. सवय असते.

सायली हसली नाही. ती आजीकडे वळली आणि अगदी सरळ विचारलं, "आजी, तुला खरंच दिशा कळत नव्हत्या?"

आक्का मटकी निवडत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ताटाकडे. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. ती वाट बघत होती.

मग मी बोललो. सगळ्यांसमोर, अकरा वर्षांच्या पोरासारखा. मास्तर, पट, पश्चिम, आणि ते न बोललेलं पुढचं वाक्य. ती चुकली नव्हती, मी अर्धं सांगितलं, आणि ही गंमत मीच तुम्हा सगळ्यांना दिली, असं सगळं. पहिला आवाज शिरीषचा. तो मायेनंच म्हणाला, "जाऊ द्या ना काका. त्या काळी असंच होतं."

मी त्याच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, पाहुण्यांच्या घरी म्हाताऱ्यानं असं ओरडू नये. शिरीषची बायको मुलांना आत घेऊन गेली. मी थांबलो तेव्हा आक्कानं ताट बाजूला ठेवलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी दाराआड व्हते. बाकीच्या कपबश्या हातात व्हत्या."

मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस? हा प्रश्न विचारायचीही मला लाज वाटायला हवी होती.

"पुढलं तू सांगशील म्हून थांबले व्हते," आक्का म्हणाली. "लई येळ थांबले, दत्तू."

एवढंच. तिनं त्यावर काही चढवलं नाही, मला क्षमा केली असंही म्हणाली नाही. आणि मला तिथं बसल्या बसल्या तो उन्हाळा कळला. सोपे प्रश्न. 'चालंल.' सरकवलेल्या कवड्या. जो माणूस आपल्याबरोबर खेळण्याच्या लायकीचा उरला नाही, त्याला जिंकू देतात. जुलेखाला ते तेव्हाच दिसलं होतं, आईलाही दिसलं होतं. मी एकटा समुद्रावर उभा राहून टाळ्या पिटत होतो.

सायलीला मात्र या सगळ्यात पटाचंच पडलं होतं. तिनं विचारलं, म्हणजे कसा होता तो खेळ, आजी? आक्का गुडघ्यावर हात देऊन उठली. तिनं कोनाड्यातला खडू घेतला आणि ओसरीच्या फरशीवर, भिंतीकडच्या अंगाला, डोंगर काढला. मग रेघा खाली ओढल्या. नद्या जिथं वळतात तिथंच वळल्या. घरं पाडली. कवड्या नव्हत्या, चिंचोके फोडून घेतले. सायली म्हणाली, आजी, उत्तर तर डावीकडे—

"उजवीकडं," आक्का म्हणाली. "नीट बघ. डोंगर वर हाय, म्हंजी वर पश्चिम. आपल्या गावात वर म्हंजी पश्चिम. कागदावर वर म्हंजी उत्तर. कुणी इचारलं की आधी त्यालाच इचारायचं, कुठलं वर?"

सायलीनं फरशीभोवती फिरून चारी बाजूंनी बघितलं. शिरीषही बघत होता. त्याच्या हातात अजून फोन होता.

मला खेळायला कुणी बोलावलं नाही. मी एक हिरडा घेतला, घरात औषधाच्या डबीत होता, आणि फरशीवर बसलो. गुडघे बोंबलले. आक्कानं माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि चिंचोके माझ्यापुढे टाकले. माझं दान पडलं आणि मी घोडेवरून घरं मोजत खाली आलो. थांबलो ते आंबेगावावर, आईच्या माहेरावर.

"आंबेगाव," आक्का म्हणाली. "बाजार कुठल्या वारी?"

मला येईना. शाळेत उभ्या जगाच्या राजधान्या शिकवल्या होत्या. आईनं तळहातानं झुडपं बाजूला करून सांगितलेला तो वार मला येईना. मी हसण्यावारी नेलं. म्हणालो, "आक्का, गावच बुडालं की. धरणाखाली गेलं. आता कसला बाजार?"

"गाव बुडालं," आक्का म्हणाली. "बाजार न्हाई बुडाला. वार सांग."

ती वाट बघत राहिली. मग पुढे वाकून, माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "बुडालास."

सायली हसली, मोठ्यानं, जुलेखा हसायची तशी. कुणी 'चालंल' म्हटलं नाही. मी हिरडा उचलला आणि वर नेऊन ठेवला. वर म्हणजे पश्चिमेला.